राजापार्ट निवडून आला

ज्ञानबा राजापार्टाला एक दिवस सोडला तर मी कधी बसलेला पाहिला नाही. जेवतानासुद्धा तो भाकरी हातावर घ्यायचा, तिच्यावर ठेचा, आणि अंगणात फेऱ्या मारत मारत खायचा. त्याची बायको म्हणायची, "आवं, घोडं बी दावणीला हुबं ऱ्हाऊन खातंय, तुमचं त्ये बी न्हाई." माणूस जन्मला कोष्ट्याच्या घरात. बापाचा माग खड्ड्यातला, त्यात पाय सोडून दिवसभर बसायचं. हा तिथं घटकाभर टिकेना. शेवटी एके दिवशी धोटा टाकून तमाशाच्या फडाबरोबर निघून गेला आणि राजाची कामं करू लागला. वगात राजाही बसत नाही फारसा, हे त्याच्या पथ्यावरच पडलं असावं.

हल्ली कुठं एखादा नट निवडणुकीला उभा राहून निवडून आला, की शिकलेली माणसं मला विचारतात, "लोक असे कसे हो मूर्ख?" मला या प्रश्नाचा राग येतो. आणि सरळ उत्तर देता येत नाही, याचा त्याहून जास्त येतो. मग मला ज्ञानबा आठवतो आणि त्या दिवशी माझं कशात लक्ष लागत नाही.

आमचं संस्थान लहान होतं. औंध, जत, फलटण यांची नावं नकाशात तरी सापडायची. आमचं शोधायला भिंग लागायचं. एक तुकडा नदीकाठी उसाच्या पट्ट्यात, दुसरा पार कवठे महांकाळच्या अंगाला, कोरड्या माळावर. जर्मनीशी लढाई जुंपलेली होती आणि राजेसाहेबांच्या मनात आलं की रयतेला राज्य द्यावं. साऱ्या बायाबाप्यांना मताचा हक्क मिळाला, तालुका पंचायती झाल्या, आणि त्या कोरड्या तुकड्यातल्या पंचायतीचा कारकून म्हणून साताऱ्याहून मी तिथं जाऊन पडलो. माझं वय लहान, शाई ताजी, आणि स्वतःच्या अकलेबद्दल काडीचीही शंका नाही.

ज्ञानबाची उंची बेताची, रंग काळासावळा. नाक मात्र असं, की समोरचा आधी नाकालाच रामराम घालायचा. बोलताना उजव्या हातानं डाव्या बोटातली पितळी अंगठी गरगर फिरवायचा. वगातल्या राजाला प्रधान लागतो, तसा त्याला रस्त्यानं चालतानाही लागायचा. जो कोणी शेजारी असेल तो प्रधानजी. मी शेजारी वारंवार असायचो, म्हणून ते पद माझ्याकडे कायम झालं. "प्रधानजी, काय म्हंती रयत?" असं तो भर बाजारात विचारायचा आणि भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सरकारी नोकर ना मी!

त्याचं नाव झालं ते निवाड्यांमुळं. आमच्याकडं जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं, उन्हातच, फडाची हजेरी व्हायची. हजेरी म्हणजे देवापुढं केलेला दिवसाचा तमाशा. त्या हजेरीच्या वगात गावातलं एखादं खरं भांडण घालायची रीत होती. कोणीतरी सोंगाड्याच्या कानाला लागायचं, सोंगाडी ते फिर्याद म्हणून राजापुढं आणायचा, आणि राजा निवाडा द्यायचा. नावं वेगळी, पण सगळ्या गावाला कळायचं कुणाचं चाललंय ते.

मी गेलो त्या वर्षी दोन भावांच्या विहिरीचं भांडण आलं. थोरला मोट सोडत नव्हता, धाकट्याची ज्वारी वाळत होती. मामलेदार कचेरीतून दोनदा हुकूम निघाला होता आणि दोनदा थोरल्यानं तो छपरात खोचून ठेवला होता. ज्ञानबा मुकुट घालून पुढं आला. एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि म्हणाला, "आज थोरला मोट हाकंल, धाकटा दारं धरंल. उद्या धाकटा मोट हाकंल, थोरला दारं धरंल. आन् जो पाळी मोडंल त्याच्या बैलाची घुंगरं देवाची!" दोघे भाऊ समोर गर्दीत खाली माना घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी थोरला खरंच दारं धरून, पाणी वळवत वाफ्यात उभा! मी जाऊन डोळ्यांनी पाहून आलो. सरकारी हुकमाला न जुमानणारा बाप्या पत्र्याच्या मुकुटाला घाबरला, याचा मला मनापासून अपमान वाटला.

निवाडा देऊन झाला की ज्ञानबा गर्रकन वळायचा आणि मागं न पाहता तडक निघून जायचा. हलगी कडाडायची, माणसं शिट्ट्या घालायची, पण तो परत यायचा नाही. मी एकदा त्याला कारण विचारलं.

"प्रधानजी, निवाडा झाला की राजानं फडात थांबू न्हाई. थांबला की मान्सं कापडं बघाय लागत्यात. मुकुट पत्र्याचा हाय, तलवार लाकडाची हाय, समदं दिसाय लागतं. शबुद पडला की गेलं पायजे."

असा हा माणूस पंचायतीच्या पहिल्या निवडणुकीला उभा राहिला. राहिला कसला, लोकांनी उभा केला. आमच्या नियमात दोन मतदारांनी नाव सुचवलं की झालं, उमेदवाराच्या सहीचीही गरज नव्हती. प्रश्न गायरानाचा होता. गावाबाहेरच्या माळावर मोठं गायरान होतं, पिढ्यान्‌पिढ्या धनगरांच्या मेंढ्या त्यावर चरायच्या. पंचायतीचे अध्यक्ष राजेसाहेबांनी नेमलेले, नदीकाठचे मोठे ऊसवाले; सगळे त्यांना रावसाहेब म्हणायचे. त्यांना त्या माळावर विहिरी पाडून ऊस लावायचा होता. त्यासाठी गायरानाचा लिलाव व्हायला हवा होता, आणि लिलाव पंचायतीच्या हातात होता.

ज्ञानबाच्या विरुद्ध उभे होते आमचे पेन्शनर मास्तर. सज्जन माणूस, कायदा तोंडपाठ, गायरान वाचवायचं म्हणूनच उभे राहिलेले. मला वाटलं, यात विचार करण्यासारखं काही नाहीच. धनगरांच्या वस्तीत बनाबाई नावाची म्हातारी होती, तिच्या शब्दावर सगळी वस्ती चालायची. मी तिला म्हटलं, "बनाबाई, मास्तरांना द्या की मत. गायरान वाचवायचं तर कायदा जाणणारा माणूस पाहिजे."

ती लोकर पिंजत होती. हात न थांबवता म्हणाली, "मास्तर लय चांगलं हाईत. पर मास्तर बोलाय लागलं की आमाला वाटतं, आपलंच कायतरी चुकलंय. ग्यानबा बोलाय लागला की वाटतं, आपलं खरं हाय."

मनात म्हटलं, अडाणी म्हातारी. मतदान झालं. वाचता न येणाऱ्यांसाठी रंगाच्या पेट्या होत्या. मास्तरांची पांढरी, ज्ञानबाची पिवळी. धनगरांनी पिवळ्या पेटीवर बिरोबाचा भंडारा उधळला, पाया पडले आणि मग चिठ्ठी टाकली. संध्याकाळी पेटी उघडली तर निम्मा भंडाराच निघाला. मास्तर पडले. त्यांनी ज्ञानबाच्या गळ्यात स्वतः हार घातला आणि म्हणाले, "गायरान तेवढं सांभाळा."

"शबुद दिला!" ज्ञानबा म्हणाला.

पंचायतीत त्याच्यामुळं सगळ्यांना घाम फुटायचा. बैठक चालू असताना हा खोलीत येरझाऱ्या घालायचा. रावसाहेब वैतागून म्हणायचे, "अहो सभासद, खाली बसा." हा म्हणायचा, "तुमी बोला की, मी हितंच हाय." गायरानाचा विषय येईपर्यंत सगळे ठराव एकमतानं मंजूर होत असत, हात मोजायची वेळ कधी आली नव्हती. विषय निघाला की ज्ञानबा आपला निवाडा सांगायचा, बाकीचे माना हलवायचे आणि मी लिहून घ्यायचो.

आणि त्याचा उपयोग नव्हता असं म्हणवत नाही मला. लढाईमुळं रॉकेल मिळेना. दुकानदार "माल न्हाई" म्हणायचा आणि मागच्या दारानं डबे जायचे. ज्ञानबा भर दुपारी दुकानापुढं जाऊन उभा राहिला आणि माझा हात धरून खणखणीत आवाजात म्हणाला, "प्रधानजी, आमच्या राज्यात दिवसा अंधार का हो पडला?" मला कुठं यायचे संवाद? तर गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "म्हाराज, त्याल दुकानात लपलंय!" सगळा बाजार हसला. दुकानदार आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्यानं डबे बाहेर काढले. मी स्वतः त्याच्याबद्दल तीन अर्ज लिहिले होते, त्यांचं काय झालं ते देव जाणे. घरी जाताना मला आनंद व्हायला हवा होता, पण चीड आली.

मग गायरानाचा दिवस उजाडला. कचेरीत आत पंच, बाहेर अख्खा माळ लोटलेला. धनगर मेंढ्या घेऊनच आले होते. खिडकीतून लोकरीचा वास येत होता. हलगीवालाही आला होता, त्याला कोणी बोलावलं होतं कोण जाणे. रावसाहेबांनी लिलावाचा विषय वाचला. ज्ञानबा भिंतीपाशी फेऱ्या मारत होता, तो थांबला. असा थांबलेला तो क्वचितच दिसायचा.

"रावसायब," तो म्हणाला, "ह्या माळावर गवात कुनी पेरलं? तुमी? का मामलेदारानं? का माझ्या बानं? पाऊस पडतो, गवात उगावतं, मेंढरू खातं. कुनी पेरलं न्हाई, कुनी खुरपलं न्हाई, आन् लिलावाला मातूर धनी निगाला!" खिडक्यांतून माणसं आत वाकली. त्याचा आवाज चढत गेला. मेंढरांचं सांगितलं, दुष्काळात याच माळानं गावाची गुरं कशी जगवली ते सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या हातातला टाक थांबला आणि डोळे भरून आले. शेवटी त्यानं हात वर नेला. "हे गायरान मुक्या जितराबाचं हाय, आन् मुक्या जितराबाचंच ऱ्हाईल. ह्यो निवाडा!"

आणि तो गर्रकन वळला आणि दारातून तडक बाहेर निघून गेला.

बाहेर हलगी कडाडली. भंडारा उडाला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. आत रावसाहेबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे म्हणाले, "ज्यांना लिलाव मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत."

मी धावत दाराशी गेलो. "ज्ञानबा! मत! मत द्यायचंय!" म्हणून घसा फोडून ओरडलो. हलगीत कोणाला काय ऐकू येणार? एक तरणा धनगर माझ्याकडे पाहून हसला आणि त्यानं माझ्याही कपाळाला भंडारा फासला. ज्यांचं गायरान जात होतं तेच लोक आपलं मत खांद्यावर उचलून नाचत नाचत देवळाकडं चालले होते. मी परत आलो तेव्हा हात मोजून झाले होते. चार इकडं, चार तिकडं. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत जास्तीचं धरायचं, असा नियम. मी कपाळावर भंडारा घेऊनच लिलाव मंजूर झाल्याचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानबा कचेरीत आला. त्याला कळलं होतं. अंगठी बोटातून निघेल इतक्या जोरानं फिरवत होता.

"प्रधानजी, मी निवाडा दिला न्हवं?"

"दिलात. मत नाही दिलंत."

"मंजी, त्ये येगळं असतंय?"

मी रात्रभर त्याला बोलायचे शब्द जुळवून ठेवले होते. ते सगळे त्या प्रश्नापुढं गळून पडले. मी म्हटलं, "हो ज्ञानबा. ते वेगळं असतं."

तिथून तो थेट धनगरांच्या वस्तीवर गेला. मला शिव्या द्या, म्हणाला. मारा, म्हणाला. तिथं काय झालं ते त्यानंच मला नंतर सांगितलं. बनाबाईनं त्याला तांब्याभर दूध आणून दिलं आणि म्हणाली, "लय झाक बोललास रं लेकरा. माळ निस्ता दणाणला. आमच्या सात पिढ्यांत आमचं असं कुनी बोललं न्हवतं." हे सांगताना त्याचा तो खणखणीत आवाज पार फाटला होता. "प्रधानजी, त्यांनी मला दूद दिलं वो! येक बी शिवी न्हाई!"

पुढच्या जत्रेत हजेरीला तो राजा होऊन उभा राहिला. निवाडा दिला आणि गेला नाही. तिथंच उभा. हलगीवाला थोडं वाजवून थांबला. सोंगाड्यानं काहीतरी बोलून पाहिलं. माणसं चुळबुळू लागली. ज्ञानबा गर्दीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आता सांगा, ह्ये कोन करनार?" कोणी हसलं नाही, शिट्टीही नाही. त्या दिवशी त्यानं फड सोडला. परत मागावर बसणार कुठला? सूत विकायला पायी सांगलीपर्यंत जायचा, दोन दिवसांचं काम चार दिवस चालून करायचा.

लढाई संपली. गायरानाला काटेरी तारेचं कुंपण पडलं, आत हिरवागार ऊस उभा राहिला. मेंढ्या रस्त्याच्या कडेनं, बांधाच्या कडेनं तोंड मारत फिरायच्या आणि शेतकरी त्यांना हाकलायचे. धनगरांनी निम्म्या मेंढ्या विकल्या. आणि दुसरी निवडणूक आली.

लोकांनी पुन्हा ज्ञानबाचं नाव दिलं. तो माझ्याकडं भांडायला आला. नाव काढा म्हणाला. नियमात ती सोयच नव्हती. मग त्यानं असं काही केलं, की तसं करणारा उमेदवार मी पुन्हा पाहिला नाही. स्वतःच्याच विरुद्ध प्रचाराला निघाला! गावोगाव चावडीपुढं उभा राहून सांगायचा, "गड्यांनो, मला मत दिऊ नगासा. तुमचं गायरान ह्या ग्यानबानं घालवलं. मला हात वर कराय कळलं न्हाई. मास्तरांना द्या. मला फकस्त बोलाय येतं. बोलून मेंढराचं प्वाट भरतं का रं?" मी एका गावात ते ऐकायला उभा होतो. बाया रडत होत्या. एक पैलवान गडी डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाला, "काय बोलतोय बग! असा सच्चा मानूस सोडून दुसऱ्याला मत द्यायचं?" मास्तर माझ्या शेजारीच होते. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि म्हणाले, "यांना आता कृपा करून गप्प बसवा हो. हे माझा प्रचार करतायत आणि माझीच मतं जातायत."

ज्ञानबा मागच्यापेक्षा दुप्पट मतांनी निवडून आला. पण नवी पंचायत भरायच्या आतच संस्थान विलीन झालं, पंचायत बुडाली, माझी बदली झाली आणि त्याची माझी गाठ पडली नाही. त्यामुळं मी त्याला शेवटचा पाहिला तो निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच.

मिरवणूक निघाली होती. लोकांनी त्याला बैलगाडीत चढवला होता. गळ्यात हार एवढे, की नाक तेवढं वर दिसत होतं. गाडीतही तो उभाच. वेशीबाहेर आलो आणि समोरून मेंढ्या आडव्या आल्या. मागं तट्टं, तट्टांवर वाकळा, भांडी, कोंबड्या, दोन लहान पोरं, सगळा संसार बांधलेला. पुढं बनाबाई काठी टेकत चाललेली. वस्ती उठली होती.

ज्ञानबानं गाडीतून उडी मारली. वाजंत्री थांबली.

"कुटं निगालासा, म्हातारे?"

"किष्णेच्या पल्याड जातो. तिकडं कानडी मुलखात चारा हाय म्हंत्यात. हितं काय ऱ्हायलं आता?" मग तिनं दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. "कवाच जायचं व्हतं. पर तुजी चिट्टी टाकायची व्हती न्हवं. टाकली आन् निगालो."

ज्ञानबा काय बोलतो याची मी वाट पाहत होतो, सगळेच पाहत होते. एक मेंढी पुढं आली आणि तिनं त्याच्या गळ्यातल्या हाराला तोंड लावलं. तो खाली वाकला. मग गुडघे टेकून रस्त्यातच बसला. एकेक हार गळ्यातून काढून तिच्यापुढं, मग दुसरीपुढं धरू लागला. बघता बघता त्याच्याभोवती मेंढ्यांची दाटी झाली आणि तो दिसेनासा झाला. झेंडूच्या हारातला दोरा काढून टाकायचा, तेवढं मात्र तो विसरत नव्हता.